हब मोटरच्या चाकातले ढिले आरे

विजेवर चालणारी सायकल घेताना ग्राहक बॅटरी किती तास चालेल आणि मोटर किती वॉटची आहे याची बारकाईने चौकशी करतो, परंतु ती मोटर ज्या चाकात बसवलेली असते त्या चाकाविषयी तो सहसा काही विचारत नाही. वर्षभराच्या वापरानंतर अनेकदा पहिले गाऱ्हाणे येते ते नेमके चाकाचे. मागच्या चाकातला एक आरा तुटतो, तो बदलून घेतला की काही दिवसांत त्याच्या शेजारचा तुटतो, आणि असे तीन-चार वेळा झाल्यावर दुरुस्ती करणारा कारागीर अधिक जाड आरे घालण्याचा सल्ला देतो. मोटर जड आहे, जोरदार आहे, तेव्हा आरेही तसेच दणकट हवेत, हा तर्क ऐकताक्षणी पटण्याजोगा आहे. मात्र बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. तो का चुकतो हे कळण्यासाठी तारेचे चाक मुळात भार कसा पेलते, हे आधी पाहावे लागते.

बैलगाडीच्या चाकात लाकडी आऱ्यांची एक टोके तुंब्यात आणि दुसरी परिघाच्या लाकडात ठोकलेली असतात, त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवून सारे आवळलेले असते, आणि गाडीचे वजन त्या त्या क्षणी तुंब्याच्या खाली आलेल्या आऱ्यावर, घराचे आढे खांबावर टेकावे तसे, टेकते. सायकलच्या चाकात असे होऊच शकत नाही, कारण दोन मिलिमीटर जाडीची वीतभर तार जमिनीवर उभी धरून तळहाताने दाबली तर ती लगेच वाकते. सायकलचा आरा, ज्याला दुकानात स्पोक म्हणतात, दाब सोसत नाही. तो फक्त ओढ सोसतो. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक आरा मोठ्या ताणाने खेचून ठेवलेला असतो, इतका की एकेका आऱ्यात शंभर किलो वजन टांगल्याइतकी ओढ असू शकते. स्वार बसला की चाकाच्या तळाशी आलेल्या तीन-चार आऱ्यांची ओढ काही प्रमाणात उतरते, बाकीच्यांची जवळपास तशीच राहते, आणि तळाशी कमी झालेली ही ओढच स्वाराचे वजन पेलण्याचे काम करते. जो आरा आधीपासून खेचलेला नाही त्याच्यातून उतरण्यासारखे काही नसते, आणि म्हणून त्याचा चाकाला काही उपयोग नसतो.

ताणलेल्या आऱ्यांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून मांडली होती, पॅरिसच्या युजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलसाठी तारेच्या चाकाचे पेटंट घेतले, आणि कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आरे केंद्रातून सरळ बाहेर न नेता हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, कडेला तिरपे, एकमेकांना ओलांडत नेण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. पायडलचा जोर हबमधून परिघापर्यंत पोहोचवायचा असेल तर ही तिरपी रचनाच उपयोगी पडते, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक साध्या सायकलचे मागचे चाक त्याच रीतीने बांधलेले असते.

आता आरा तुटतो कसा, ते पाहू. एकाच मोठ्या झटक्याने आरा तुटणे दुर्मीळ आहे. तो तुटतो तो धातूच्या थकव्याने, म्हणजे तार वारंवार पुढे-मागे वाकवली की ती जशी एका जागी तडकते तसा. २६ इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४८० फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक आरा एकदा तळाशी येऊन सैल होतो व पुन्हा ताणला जातो; म्हणजे हजार किलोमीटरमध्ये हा प्रकार जवळपास पाच लाख वेळा घडतो. ताण पुरेसा असेल तर आऱ्यातली ओढ थोडी कमी-जास्त होते, पण तो आपल्या बैठकीतून हलत नाही, आणि चांगले पोलाद अशी कमी-जास्त ओढ वर्षानुवर्षे सोसते. ताण अपुरा असेल तर मात्र तळाशी आलेला आरा पूर्ण ढिला पडतो, त्याचे डोके छिद्रात किंचित उचलले जाते आणि चाक पुढे सरकताच झटक्याने पुन्हा बसते. डोक्यापाशी आरा जिथे काटकोनात वळवलेला असतो त्या कोपरावर हा झटका वाकवण्याच्या रूपाने पडतो, आणि आरा बहुधा तिथेच तुटतो. जुन्या चाकातून तुटलेले आरे काढून पाहिले तर त्यांपैकी बरेच नेमके कोपरावर तुटलेले दिसतात, ते यामुळेच.

हब मोटर म्हणजे चाकाच्या केंद्रातच बसवलेली मोटर. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावचे ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये मोटर असलेल्या सायकलचे पेटंट १८९५ मध्ये घेतले होते, म्हणजे ही कल्पना विजेच्या सायकलइतकीच जुनी आहे. नेहमीच्या पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरमध्ये बाहेरचे कवच स्थिर असते आणि आतला दांडा फिरतो. हब मोटरमध्ये याच्या उलट, आस सायकलच्या चौकटीत घट्ट धरलेला असतो, तांब्याच्या तारांची वेटोळी त्या आसावर बसवलेली असतात, आणि कवच फिरते. हिच्या पहिल्या प्रकारात, म्हणजे थेट फिरणाऱ्या मोटरमध्ये, कवचाच्या आतल्या अंगाला चुंबक चिकटवलेले असतात आणि ती चार ते सात किलोपर्यंत भरते. दुसऱ्या प्रकारात आतली छोटी मोटर वेगाने फिरते व दातेरी चाकांच्या संचातून तिचा वेग कमी करून कवचाला दिला जातो, आणि अशी मोटर साधारण दोन ते साडेतीन किलोची असते. भारतात नोंदणी व परवान्यातून सूट असलेल्या, २५० वॉटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत राहणाऱ्या सायकलींत हा दुसरा प्रकार बराच दिसतो.

चाक बांधणाऱ्याच्या दृष्टीने मोटरचे वजन आणि शक्ती यांच्याइतकाच तिचा घेर महत्त्वाचा आहे. हबच्या दोन्ही बाजूंना आरे ओवण्यासाठी छिद्रांच्या कडा असतात, त्यांना फ्लँज म्हणतात. साध्या सायकलच्या हबवर या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास चार-साडेचार सेंटिमीटर असतो, तर मोठ्या मोटरवर तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो. या एका फरकातून दोन परिणाम निघतात, आणि त्यांतला एक चांगला तर दुसरा फार वाईट आहे.

चांगला परिणाम असा की मोटरच्या ओढीने आरे तुटतात ही समजूत हिशेबात टिकत नाही. ४० न्यूटन-मीटर पिळाची मोटर घेतली, म्हणजे आसापासून मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला चार किलो वजन टांगल्यावर जितका पीळ पडेल तितका पीळ देणारी, आणि ती २२ सेंटिमीटर व्यासाच्या फ्लँजवर ३६ आऱ्यांनी, प्रत्येक आरा शेजारच्या एकाच आऱ्याला ओलांडेल अशा रीतीने बांधली, तर पूर्ण जोरातही प्रत्येक आऱ्याच्या ओढीत साधारण दोन किलोचाच फरक पडतो. शंभर किलोंनी ताणलेल्या तारेला दोन किलो म्हणजे काहीच नव्हे. फ्लँजचा घेर मोठा असल्यामुळे पीळ सहज वाटला जातो. आरे तोडतो तो रस्त्यावरचा खड्डा, गतिरोधक आणि त्यांवर आदळणारे, कोणत्याही स्प्रिंगचा आधार नसलेले मोटरचे वजन. आणि तेही आरे ढिले असतील तरच.

वाईट परिणाम हा की मोठ्या मोटरमुळे आरे आखूड होतात. साध्या २६ इंची चाकात आरा सुमारे २६० मिलिमीटरचा असतो, मोटरच्या चाकात तो १७० मिलिमीटरच्या आसपास येतो. पोलादी तार ओढली की ती रबरासारखीच, पण फार थोडी, लांब होते, आणि चाकाचे सारे आयुष्य या थोड्याशा लांबण्यावर अवलंबून असते. शंभर किलोंच्या ओढीखाली दोन मिलिमीटर जाडीचा २६० मिलिमीटरचा आरा सुमारे ०.४ मिलिमीटर लांबतो. तितक्याच जाडीचा १७० मिलिमीटरचा आरा ०.२७ मिलिमीटर, आणि २.६ मिलिमीटर जाडीचा तितकाच आखूड आरा अवघा ०.१६ मिलिमीटर. रिम, म्हणजे चाकाचा धातूचा परिघ, खड्ड्यात आदळून तळाशी जितकी आत दबते तितकी तेथील आऱ्याची लांबी सुटते. साध्या चाकातल्या आऱ्याकडे सुटण्यासाठी ०.४ मिलिमीटरची शिल्लक आहे. जाड आणि आखूड आऱ्याकडे तिच्या निम्मीही नाही, म्हणून तो लहानशा धक्क्यातही पूर्ण ढिला होतो आणि वर सांगितलेला झटका सुरू होतो. अशा आऱ्याला पातळ आऱ्याइतके लांबवायचे तर त्यावर सुमारे १७० किलोंची ओढ द्यावी लागेल, आणि सायकलच्या बहुतेक रिमची सहनशक्ती शंभर ते एकशेवीस किलोंच्या आसपास संपते. त्यापुढे रिमला छिद्रांभोवती तडे जाऊ लागतात. जाड आरा स्वतः मजबूत असतो यात शंका नाही. तो ज्या चाकात बसतो ते चाक मात्र त्याला त्याच्या मजबुतीइतके ताणू देत नाही.

आऱ्यांची जाडी बाजारात गेजच्या आकड्याने सांगतात, आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड: १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, १३ म्हणजे २.३ आणि १२ म्हणजे २.६. कित्येक तयार मोटरचाकांत १२ किंवा १३ गेजचे सरळ आरे असतात. त्यांच्या जागी १४ गेजचे चांगल्या प्रतीचे आरे, किंवा त्याहून बरे म्हणजे डोक्यापाशी २.३ व पुढे २ मिलिमीटर असे उतरत्या जाडीचे आरे घालणे अधिक शहाणपणाचे ठरते. उतरत्या जाडीच्या आऱ्यात तुटण्याची जागा, म्हणजे कोपर, जाड राहते आणि मधला भाग लांबण्यासाठी मोकळा राहतो. बेल्जियमच्या सॅपिम आणि स्वित्झर्लंडच्या डीटी स्विस या कंपन्या असे आरे बनवतात. मोटरच्या फ्लँजची छिद्रे जाड आऱ्यांसाठी पाडलेली असल्याने पातळ आऱ्याचे डोके त्यांत डगमगू नये म्हणून डोक्याखाली पितळेची छोटी वॉशर घालावी लागते.

मोठ्या फ्लँजचा आणखी एक त्रास रिमच्या बाजूला होतो. साध्या हबवर प्रत्येक आरा तीन आऱ्यांना ओलांडतो, तरी रिमपाशी पोहोचेपर्यंत तो केंद्राच्या दिशेपासून फक्त चार अंशांनी तिरपा असतो. वर घेतलेल्या मोटरवर तीच तीन ओलांडण्यांची बांधणी केली तर हा तिरकसपणा चोवीस अंशांपर्यंत जातो. निपल, म्हणजे आऱ्याचे टोक रिममध्ये धरून ठेवणारी छोटी पितळी नळीवजा चाकी, छिद्रात इतकी तिरपी बसू शकत नाही, आणि आरा निपलच्या तोंडाशी वाकून तिथे आट्यांवर तुटतो. म्हणून २६ इंची चाकात एकच ओलांडणी ठेवतात, तिने हा कोन तेरा अंशांच्या आसपास राहतो, आणि घडीच्या सायकलींच्या २० इंची चाकात कधी कधी आरे न ओलांडता सरळच नेतात. गोलसर डोक्याची, छिद्रात थोडी झुकू शकणारी निपल मिळाली तर ती घ्यावी.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात बॅटरी काढून, मोटरच्या वायरची जोडणी सोडवून होते. आसावरच्या नटांखाली ज्या वॉशर आणि आस फिरू न देणारा जो धातूचा हात असतो, त्यांचा क्रम व दिशा मोबाइलवर टिपून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढची मोठी चूक नेमकी तिथे होते. वायर आसातून बाहेर येत असल्याने चाक त्या बाजूवर टेकवून ठेवू नये. चाक पुन्हा बांधताना मोटर बिघडते ती बहुधा अशी वायर चिरडून. टायर, ट्यूब आणि रिमवरची पट्टी काढल्यावर जुने आरे एकदम कापून टाकण्याचा मोह होतो, पण एका बाजूचा ताण अचानक सुटला की रिम पिळवटते. चाकाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक निपल अर्धा-अर्धा फेरा सैल करत जावे, म्हणजे रिम सुखरूप सुटते. रिम पुन्हा वापरायची असेल तर छिद्रांभोवती केसाएवढ्या भेगा आहेत का ते प्रकाशात पाहावे, आणि असल्या तर नवी, दुहेरी भिंतीची रिम घ्यावी.

नव्या आऱ्याची लांबी काढणे हा या कामातला एकमेव गणिती भाग आहे आणि त्यात घाई केली तर सगळे पैसे वाया जातात. आधी रिमचा उपयोगी व्यास मोजतात: दोन जुने आरे बरोबर २०० मिलिमीटर लांबीचे करून घ्यायचे, रिमच्या समोरासमोरच्या छिद्रांतून निपल लावून ते आत घ्यायचे, टोके निपलच्या खाचेच्या तळाशी येईपर्यंत पिळायचे, आणि मधल्या दोन टोकांतले अंतर ४०० मध्ये मिळवायचे. मग फ्लँजवरच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास आणि चाकाच्या मध्यरेषेपासून प्रत्येक फ्लँजचे अंतर मोजायचे. यापुढे शाळेतल्या भूमितीचा कोसाइनचा नियमच लागू होतो: दोन्ही त्रिज्यांचे वर्ग आणि फ्लँजच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची, तीतून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट आणि कोनाची कोसाइन यांचा गुणाकार वजा करायचा, वर्गमूळ काढायचे आणि शेवटी फ्लँजच्या छिद्राची त्रिज्या वजा करायची. छत्तीस आऱ्यांच्या चाकात एका बाजूला अठरा आरे येतात, त्यामुळे एका ओलांडणीचा कोन वीस अंशांचा होतो. उदाहरणार्थ, रिमचा उपयोगी व्यास ५४०, फ्लँजचा २२०, मध्यापासूनचे अंतर २० आणि छिद्र ३ मिलिमीटरचे असेल तर लांबी १७०.५ मिलिमीटर निघते. इतके आखूड आरे साध्या सायकलींत लागत नसल्याने सगळीकडे तयार मिळत नाहीत. ते कापून घेताना आटे कोरून काढलेले नसून दाबून पाडलेले आहेत याची खात्री करावी, कारण कोरलेल्या आट्यांशी तार कमकुवत होते.

ओवण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. एका फ्लँजचे आरे आळीपाळीने आतून व बाहेरून घालतात, जोडीतला एक पुढे व एक मागे झुकवतात, आणि रिमवरची छिद्रे ज्या बाजूला किंचित सरकलेली असतात त्या बाजूच्या फ्लँजलाच ती जोडतात. साध्या चाकात ओलांडताना आरा आरपार विणतात, म्हणजे एकावरून आणि एकाखालून नेतात. इथे ओलांडणी फ्लँजच्या अगदी जवळ येत असल्याने विणताना आरा तीव्र वाकत असेल तर न विणणेच बरे. आट्यांना जवसाचे तेल लावण्याची युरोपातल्या चाकबांधणीतली जुनी पद्धत आजही उपयोगी आहे: पिळताना ते वंगणाचे काम करते आणि काही दिवसांत वाळून चिकट झाल्यावर निपल सैल होऊ देत नाही.

यानंतर खरी कारागिरी सुरू होते. आट्यांचा एक पूर्ण फेरा आऱ्याला साधारण ०.४५ मिलिमीटर ओढतो, म्हणजे पूर्ण ताणापर्यंतचा शेवटचा टप्पा जेमतेम पाऊण फेऱ्याचा असतो आणि तो अर्ध्या, मग पाव फेऱ्यांनीच गाठायचा असतो. सायकल उलटी करून तिच्याच मागच्या चिमट्यात चाक लावले तरी चालते. मोटरचा जाड आस चाक सरळ करण्याच्या नेहमीच्या स्टँडमध्ये पुष्कळदा बसतही नाही. कारागीर ज्याला आउट काढणे म्हणतात ते, म्हणजे चाकाचे डावी-उजवीकडे डोलणे घालवणे, या टप्प्यावर होते, पण केवळ आउट काढून थांबणारा कारागीर अर्धेच काम करतो, कारण एक आरा फार घट्ट आणि शेजारचा फार ढिला ठेवूनही चाक सरळ फिरवता येते. तबला लावताना पुडीच्या सगळ्या घरांवर हातोडी मारत सूर सारखा आणतात, तसे एका बाजूचे आरे बोटाने छेडून त्यांचा आवाज जुळवावा लागतो. ताण मोजण्याचे यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर कान पुरेसा आहे. मोटरच्या एका बाजूला ब्रेकची चकती आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील असल्याने दोन्ही फ्लँज मध्यापासून सारख्या अंतरावर नसतात, म्हणून दोन बाजूंचा सूर वेगळा राहतो, आणि ते तसेच असायला हवे.

ताण भरल्यावर समांतर जाणाऱ्या आऱ्यांच्या जोड्या दोन्ही हातांनी जोरात आवळाव्यात. जॉब्स्ट ब्रँड्ट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात या कृतीचे महत्त्व सविस्तर मांडले आहे: आरा बनवताना कोपरात कोंडून राहिलेले अंतर्गत ताण या आवळण्याने सैलावतात आणि थकव्याने तुटण्याची शक्यता बरीच घटते. आवळताना कडकड आवाज येतो, आउट थोडा परत येतो, तो पुन्हा काढावा लागतो, आणि आवाज बंद होईपर्यंत हे दोन-तीनदा करावे लागते. बाजारात ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, कारण तिने चाक दिसायला काहीच बदलत नाही.

चाक सायकलला परत लावताना आसाची सपाट बाजू चौकटीच्या खाचेत नीट बसली आहे आणि आस रोखणारा हात पूर्वीच्याच दिशेने घट्ट आहे, हे पाहावे. तो सैल राहिला तर पहिल्याच जोराच्या सुरुवातीला आस खाचेत फिरतो आणि वायर पिळून तोडतो. टायरमध्ये हवा कमी ठेवून चालवणे म्हणजे रिमवर थेट घाव घालणे, आणि जमेल तितके रुंद टायर घेणे हाच मोटरच्या वजनावरचा स्वस्त उपाय आहे. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आरे पुन्हा एकदा छेडून पाहावेत, आणि ज्याचा सूर उतरला असेल त्याला पाव फेरा द्यावा. हिशेबाने काढलेली लांबी, गेज आणि ओलांडण्यांची संख्या रिमच्या आतल्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ठेवावी. पुढच्या वेळी चाक उघडणाऱ्याला ती पुन्हा मोजावी लागणार नाही.